भोपळा, समुद्र आणि नवा घडा

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी गेली कित्येक वर्षं एकच चित्र काढत आलो आहे. तोंड खाली केलेला एक भोपळा, मागून तिरक्या येऊन त्याच्या तळाशी शिरणाऱ्या दोन नळ्या, आणि खाली एक अरुंद दार. समोर बसलेली आई मान डोलावते. आजी डोलावत नाही. तिचं मत घरूनच ठरून आलेलं असतं: ‘पोरगं मुद्दाम करतंय. सातवं लागलं तरी अंथरूण ओलं करायचं म्हणजे काय, डॉक्टर?’

हे चित्र माझं, असा माझा बरीच वर्षं समज होता. मग एका पावसाळ्यात सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला तिसरा अध्याय नीट बसून वाचला. अश्मरीचा, म्हणजे आपल्या मुतखड्याचा अध्याय. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 1938 साली निघालेली आवृत्ती. खाली बारीक टायपात डल्हणाची टीका. तिथे माझा भोपळा सापडला. तंतोतंत तोच, तसाच उलटा.

सुश्रुत म्हटलं की लोकांना कापलेलं नाक जोडणारा शल्यवैद्य आठवतो. या अध्यायाकडेही सगळे शस्त्रक्रियेच्या वाटेनंच येतात. मधले बस्तीचं, म्हणजे मूत्राशयाचं वर्णन करणारे चार-पाच श्लोक घाईत ओलांडले जातात. मला मात्र ते अवयवाच्या वर्णनापेक्षा व्यक्तिचित्रासारखे वाटतात. सुरुवात पत्त्यानं होते. नाभी, पाठ, कंबर, वृषण, गुद, जांघ, शिश्न या सगळ्यांच्या मधोमध. गावात घर विचारलं की सांगतात ना, देवळाच्या मागे, विहिरीच्या अलीकडे, पाटलांच्या वाड्याला लागून, तसा हा पत्ता. मग तीन झटक्यांत माणूस उभा करावा तसं: दार एकच, कातडी पातळ, तोंड खाली. मग उपमा, भोपळ्याची. आणि लगेच, शिरा आणि स्नायूंनी वेढलेला. एवढंच.

भोपळा म्हणजे इथे अलाबू, तुंबा. ज्याचा कमंडलू होतो, मिरजेचे कारागीर ज्याला तंबोऱ्याच्या दांडीखाली जोडतात, तो. वाळल्यावर हलका, आतून पोकळ, एका बाजूनं निमुळता होत गेलेला. मोठ्या माणसाचं भरलेलं मूत्राशय खरं तर बरंचसं गोल असतं. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. ते लांबट असतं, चातीसारखं. वरचं टोक बेंबीकडे ओढलेलं. गर्भात असताना तिथून बेंबीपर्यंत एक नळी असते, ती जन्मापर्यंत मिटून दोरीसारखी होते, आणि त्या दोरीची ओढ आकारात दिसत राहते. शिवाय बाळाचं मूत्राशय कंबरेच्या हाडांच्या परडीत बसलेलंही नसतं, ते पोटातच असतं. साधारण सहाव्या वर्षापर्यंत ते खाली उतरू लागतं आणि पुरतं आपल्या जागी बसायला वयात यावं लागतं. म्हणूनच तान्ह्या बाळाची लघवी तपासायला हवी असेल तर बेंबीखाली, जघनास्थीच्या लगेच वर बारीक सुई घालून ती काढता येते. मोठ्यांत रिकाम्या मूत्राशयाबाबत हे धाडस कुणी करणार नाही. भोपळ्याची उपमा मुलाला अधिक शोभते, ती यासाठी. आणि हा अध्याय आहेही मुलांचाच. मुतखडे विशेषकरून बालकांना होतात, असं सुश्रुत स्पष्ट म्हणतो. दिवसा झोपणं, जेवणावर जेवण, गोड आणि जड खाण्याची आवड अशी कारणं देतो. (कारणांत तो चुकला असावा. मूत्राशयातले खडे गरिबाच्या मुलांत जास्त होत आले, नुसत्या धान्यावर वाढलेल्या, दूध फारसं न मिळालेल्या. आहार सुधारला तसे ते कमी झाले. लाडावलेल्या मुलाला दोष द्यायची हौस फार जुनी दिसते.)

आता ‘शिरा आणि स्नायूंनी वेढलेला’. मराठी वाचक इथे हमखास फसतो. मीही फसलो. आपण आज मसलला स्नायू म्हणतो, म्हणून वाटतं, वा, मूत्राशयाभोवतीच्या मांसल थराचा उल्लेख आला. पण सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा चिवट तंतू, धनुष्याच्या दोरीच्या जातीचा. मसलसाठी त्याचा शब्द ‘पेशी’. आणि पेशी आपण आज सेलला देऊन टाकलेला! दोन हजार वर्षांच्या आसपास प्रवास करून दोन्ही शब्द एकेक घर सरकले. घर बदललेल्या मंडळींची पत्रं जुन्या पत्त्यावर यावीत, तसं हे वाचन होतं.

गंमत पुढेच आहे. शारीरस्थानात स्नायूंचे चार प्रकार सांगताना त्यातला एक ‘सुषिर’, म्हणजे पोकळ, असा आहे, आणि ते कुठे असतात तर आमाशय आणि पक्वाशयाच्या टोकांशी आणि बस्तीत. पोकळ अवयवांच्या भिंतींचा धागा हातापायाच्या मांसापेक्षा वेगळा आहे, हे त्या माणसाला बोटांनी कळलं होतं. मर्मांच्या यादीत तर बस्तीला ‘अल्प मांस-रक्ताचा’ असं विशेषण आहे. आजच्या शरीररचनेच्या विद्यार्थ्याला हे खटकेल. मूत्राशयाची भिंत म्हणजे जवळजवळ सगळा स्नायूच तर आहे, डिट्रूसर नावाचा. खाली ढकलणारा, असा त्या लॅटिन नावाचा अर्थ. पण तो मऊ, फिकट, पट्टे नसलेला स्नायू. खाटकाच्या दुकानात मांस म्हणून जे लालभडक दिसतं तसा तो दिसतच नाही. डोळ्यांना दिसलं तेच सुश्रुतानं लिहिलं. आहे मांस, पण मांसासारखं न दिसणारं.

वीण मात्र त्याच्या उपमेत नाही. भोपळ्याची साल एकसंध असते. डिट्रूसरचे धागे उभे, आडवे, तिरके, एकमेकांतून शिरत, वर आलेला धागा खाली जात विणलेले असतात. मूत्राशयाच्या मानेशी येईतो कुठे त्यांत थर वेगळे ओळखता येतात, आत उभा, मधे गोल, बाहेर पुन्हा उभा. इथे मला भोपळ्यापेक्षा सुगरणीचा खोपा बरा वाटतो. बाभळीला लोंबणारा, तोही तुंब्यासारखाच, दार खाली, आणि कोणतीही काडी एका दिशेनं फार वेळ न जाणारी. अशा विणीचा फायदा असा की आकसताना भिंत सगळीकडून एकदम जवळ येते, एका बाजूला चिमटा बसत नाही. तळाशी मात्र एक त्रिकोणी तुकडा गुळगुळीत, न सुरकुतणारा. वरच्या दोन कोपऱ्यांत मूत्रवाहिन्यांची तोंडं, खालच्या कोपऱ्यात दार. मूत्रवाहिन्यांचे स्नायू आत शिरल्यावर थांबत नाहीत, पसरून याच त्रिकोणात मिसळतात. पाहुणे म्हणून येऊन घरचे झालेले.

दुसरी उपमा बहुतेक जण नजरेआड करतात, कारण ती झिजलेली वाटते. मूत्र वाहणाऱ्या नाड्या बस्तीला भरतात, नद्या समुद्राला भरतात तशा. वाचताना मीही पुढे गेलो होतो. मग वाटलं, थांबा. नद्यांची उपमा विहिरीला, तळ्यालाही देता आली असती. तळं नद्यांनी भरलं की फुटतं. समुद्र मात्र कितीही नद्या आल्या तरी मर्यादा सोडत नाही, ही आपल्याकडची फार जुनी कल्पना. सुश्रुताच्या मनात ती होती की नव्हती यावर मी भांडणार नाही. पण मूत्राशयाचा सगळ्यात मोठा गुण नेमका हाच आहे. ते भरत जातं आणि आतला दाब फारसा वाढत नाही. फुगा फुगवताना फुंकरीला विरोध होतो, इथे तसं होत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे 240 मिलिलिटर मावावं असा हिशेब आहे, वयात एक मिळवून तिसानं गुणायचं. तेवढं भरेपर्यंत दाबाची रेघ कागदावर जवळजवळ आडवीच चालते. रसिकानं तिथे दाद द्यावी अशी ती आडवी रेघ. ती राखण्यासाठी अखंड काम चालू असतं. छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूतून निघालेले मज्जातंतू भिंतीला ‘सैल रहा’ आणि मानेला ‘आवळून रहा’ असं एकाच वेळी सांगत असतात.

समुद्रानं मर्यादा सोडली तर काय होतं, हे जन्मतः पाठीच्या कण्याला फट राहिलेल्या मुलांनी शिकवलं. त्यांच्या मज्जातंतूंचं कंबरेखालचं जाळं बिघडलेलं असतं, भिंत ताठरते. 1981 साली एडवर्ड मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांची मोजमापं मांडली: ज्या मूत्राशयातून गळती सुरू व्हायला पाण्याच्या 40 सेंटिमीटरहून जास्त दाब लागतो, त्या मुलांची मूत्रपिंडं धोक्यात येतात. गळणं तिथे रोग कमी, सुटका जास्त. त्याच्या आधी, 1972 मध्ये, अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं होतं की अशा मुलाला ठरावीक तासांनी स्वच्छ, निर्जंतुक नव्हे, नुसती स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करा. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. साबणानं हात धुऊन आपली नळी आपण घालणारी शाळकरी मुलं आज जगभर आहेत, त्यांतली काही माझ्या ओपीडीतही येतात.

तिसरी उपमा या श्लोकांचं शिखर. नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवा. तोंडातून थेंब न जाताही तो बाजूंनी भरत जातो. बस्ती मूत्रानं तसाच भरतो. कुंभाराकडून आणलेला नवा माठ पहिल्यांदा पाण्यात ठेवला की कसा ‘पितो’ हे ज्यानं पाहिलंय त्याला ही उपमा अंगाला गारवा देऊन जाते. ‘नवा’ हे विशेषण काढून पहा, उपमा कोसळते. जुन्या घड्याची छिद्रं बुजलेली असतात. आणि याच्या आधी एक निरीक्षण: नाड्यांची तोंडं हजारो आहेत, पण सूक्ष्मपणामुळे दिसत नाहीत, आणि हे पाझरणं जागेपणीही चालतं, झोपेतही.

यंत्रणा म्हणून हे चूक आहे. मूत्रपिंड या गोष्टीत येतच नाही. नाड्या थेट पक्वाशयातून येतात. तोंडं हजारो नाहीत, दोनच. आणि पाझर नाही, पिचकारी आहे. मूत्रवाहिनीची भिंत मिनिटाला एक ते सहा वेळा वरून खाली लाट सोडते, आणि सोनोग्राफीत लघवीची बारीक धार उडताना दिसते. या लाटेला मेंदूची परवानगी लागत नाही; तिचा ठेका मूत्रपिंडातल्या पेल्यांच्या भिंतीत धरला जातो, मज्जातंतू तोडले तरी ती चालते.

पण तोंडं दिसत नाहीत, हे खरं का असावं? कारण मूत्रवाहिनी भिंतीत सरळ शिरत नाही. तिरकी शिरते, काही अंतर भिंतीच्या आतून सरपटते आणि मग उघडते. मूत्राशय भरलं की आतला भार त्या सरपटत्या भागाला दाबून बसवतो. येणारं येतं, परत काही जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत अभंग. सुश्रुतानं शव कुठल्या अवस्थेत पाहिलं तेही विसरू नये: मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात बांधून नदीच्या पाण्यात सात रात्री कुजवलेलं, मग कुंच्यानं हळूहळू घासून थर वेगळे केलेलं. त्या घासण्यात असं लपलेलं दार कुणाच्या हाती लागणार? नवजात बाळात हे सरपटणं अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, मोठेपणी सव्वा सेंटिमीटरच्या पुढे. शल्यवैद्य अल्बर्ट पॅक्विन यांनी 1959 मध्ये प्रमाण मांडलं, नळीच्या रुंदीच्या पाचपट बोगदा हवा. तेवढा नसेल तर लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते, ताप येतो. आणि मूल वाढतं तसा बोगदाही लांबतो, पुष्कळांचं उलटं वाहणं आपसूक थांबतं. म्हणजे घडा जुना होतो आणि छिद्रं बुजतात! उपमेनं हे सांगितलेलं नाही, पण तिच्या पोटात ते होतं.

इथवर तिन्ही उपमा माझ्याबरोबर आल्या. पुढे येत नाहीत. भोपळ्याला भरल्याचं कळत नाही, घड्याला ओतायची वेळ कळत नाही. मज्जातंतू सुश्रुताच्या शरीरात नाहीत. सात रात्रींच्या पाण्यानंतर ते मऊ पांढरे दोरे शिरा-स्नायूंच्या गर्दीत वेगळे उरले असतील असं मला वाटत नाही. त्यांची जागा वायूनं घेतली आहे, अपानानं. पण तिथे तो एक शब्द घालतो, ‘काले’. अपान मूत्राला खाली ओढतो, पण योग्य काळी. अख्ख्या मज्जासंस्थेचं काम त्यानं त्या एका सप्तमीत कोंबलं आहे.

तो काळ ठरतो कसा? भरल्याची खबर त्रिकास्थीपाशी दुसऱ्या ते चौथ्या मुळांतून मज्जारज्जूत जाते, आणि तिथूनच डिट्रूसरला आकसण्याचा हुकूम येतो. दाराशी आणखी एक वेगळी मूठ आहे, पट्टेदार स्नायूची, आपल्या इच्छेत येणारी. तिचे चालक मज्जारज्जूतल्या ज्या पुंजक्यात बसतात तो ओनुफ यांनी 1899 मध्ये दाखवला. भिंत आकसताना मूठ सुटली पाहिजे. ही जुळणी वरून होते, मेंदूच्या देठातून. लंडनच्या बॅरिंग्टन यांनी 1925 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ती जागा दाखवून दिली. आणि तिच्याही वर कपाळामागचा मेंदू, जो म्हणतो, ‘आत्ता नको, पाहुणे आहेत.’

तान्ह्या बाळात ही वरची पायरी कच्ची असते. ते दिवसाला वीसेक वेळा शू करतं, कधी थांबत थांबत, कारण भिंत आणि मूठ यांचा ताल अजून बसलेला नसतो. बाळं अजाणता करतात असं आपण धरून चालतो, पण 1995 साली यंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गाढ झोपेत ती सहसा करत नाहीत. आधी चुळबुळतात, जागी होतात. खबर वर पोचत असते, उत्तर देणारं कुणी नसतं. मग आई बाळाला पायांवर बसवते, ‘शूऽऽ’ म्हणते, आणि दोन गोष्टींची गाठ पडते. आपल्या बायकांनी हे शास्त्र कुणाला न विचारता चालवलं.

ताल उलटाही शिकता येतो. शाळेतला संडास घाण म्हणून दिवसभर आवळून बसणाऱ्या मुली मी रोज पाहतो. टाच खाली घेऊन तिच्यावर बसतात आणि दार दाबून धरतात. विन्सेंट यांनी 1966 मध्ये या बैठकीची नोंद केली, तिला राणीसमोरच्या मुजऱ्याचं नाव पडलं. पुढे 1973 मध्ये फ्रँक हिनमन यांनी मज्जातंतूंत दोष नसतानाही दोष असल्यासारखं वागणारं मूत्राशय वर्णिलं. मूठ सोडायचीच विसरलेली. उन्हाळे लागून लागून जेव्हा अशी मुलगी येते, तेव्हा औषधाआधी मी तिच्या शाळेच्या मधल्या सुट्टीबद्दल विचारतो.

आणि झोप. जागेपणीही, झोपेतही, असं सुश्रुतानं लिहून ठेवलंय ते भरण्याबद्दल. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदू एक रस सोडतो, काही मुलांत तो कमी पडतो. काहींचं मूत्राशय लहान. आणि बहुतेकांना भरल्याची खबर झोपेतून उठवत नाही. पाचव्या वर्षी सुमारे शंभरात पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात, आणि दर वर्षी त्यांतली साधारण पंधरा टक्के आपोआप थांबतात.

एके दिवशी अशाच एका आजींसमोर चित्रात मी एक भर घातली. भोपळ्याच्या मागून एक दोरा काढला, पाठीतून वर नेत डोक्यापर्यंत, आणि डोक्याजवळचा तुकडा तुटक रेघेनं दाखवला.

‘हा दोरा कशाचा?’ आजींनी विचारलं.

‘खबरेचा. दिवसा पोचते. रात्री अजून वाटेत राहते.’

आजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग सुनेकडे न बघता, जरा हळू आवाजात म्हणाल्या, ‘याचा बाप चौथीत होता तेव्हा गोधडी रोज वाळत घालायचे मी. मागच्या दारी. कुणाला दिसू नये म्हणून.’